चष्मा घालवायचाय? मग निदान या चुका तरी टाळा

मे महिन्याची सुट्टी आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, या दोन मोसमांत लेझरने चष्मा घालवायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ऑपरेशन कधी करता?" करायचं की नाही, हे कुणी विचारतच नाही. हॉल बुक, फोटोग्राफर बुक, आता डोळे तेवढे उरकायचे राहिलेत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, आणि हल्ली यात नवऱ्या मुलीही मागे नाहीत.

मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. पेशंट सर्जनसमोर जाण्याआधी नंबर काढणं, कॉर्नियाचे नकाशे घेणं, डोळ्यातला ओलावा मोजणं ही माझी कामं. लेझर चांगलं की वाईट, यावर मी बोलणार नाही. योग्य डोळ्यावर केलं तर उत्तमच होतं, अशी कितीतरी माणसं मी रोज बघते. माझं भांडण आहे ते तपासणीला 'फॉर्मॅलिटी' समजणाऱ्यांशी.

लेन्स घालून तपासणीला येणं

ही माझी खास नावडती चूक, म्हणून आधी हीच.

लेझरने आपण कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याचा आकार बदलतो. कॉन्टॅक्ट लेन्स वर्षानुवर्षं त्याच पडद्यावर बसलेली असते आणि ती त्याला हळूहळू दाबते. लेन्स काढल्यावर पडदा मूळ आकारावर यायला वेळ घेतो. त्याआधी नकाशा घेतला तर तो तुमच्या डोळ्याचा कमी आणि लेन्सच्या दाबाचा जास्त. मशीनला हे कळत नाही. त्याला जो नंबर द्याल तो ते इमानेइतबारे कापतं.

मऊ लेन्स असेल तर मी दोन आठवडे बंद ठेवायला सांगते. काही ठिकाणी साध्या मऊ लेन्ससाठी एक आठवडा पुरे म्हणतात, पण सिलिंडर नंबरवाली (पडदा एका दिशेने जास्त वाकलेला असतो, त्यासाठीची) लेन्स असेल तर दोनच्या खाली मी येत नाही. कडक लेन्स असेल तर किमान महिना, आणि त्यानंतरही काही दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन नकाशे एकमेकांशी जुळेपर्यंत.

आता लोक काय करतात? खोटं बोलतात. मागे एक मुलगी आली, नंबर पाचच्या पुढे, सोबत आई. "लेन्स काढून किती दिवस झाले?" "झाले ना मॅडम, दोन आठवडे." मी तिच्या नाकाकडे बघितलं. पाच नंबरचा चष्मा दोन आठवडे दिवसभर घातला तर नाकपट्टीचे दोन लालसर वळ पडल्याशिवाय राहत नाहीत. हिचं नाक स्वच्छ. मांडीवर हेल्मेट. "गाडी कोणी चालवली?" "मीच." "मग चष्मा कुठाय?" ती गप्प. शेवटी आईच म्हणाली, "अगं सांग की खरं! पार्किंगमध्ये तर काढल्यास."

तरी आम्ही त्या दिवशी नकाशा घेऊन ठेवला, तिला दाखवायला. नंतर लेन्स खरोखर बंद ठेवून ती परत आली तेव्हा सिलिंडर जवळजवळ निम्म्यावर आला होता आणि त्याचा अक्षही, म्हणजे त्या वाकाची दिशा, सरकला होता. पहिल्या दिवशीच्या आकड्यांवर ऑपरेशन झालं असतं तर चष्मा गेला नसताच, वेगळ्या नंबरचा नवा लागला असता. लग्नात ती लेन्स घालूनच मिरवली, ऑपरेशन नंतर निवांत केलं.

माझी सवय सांगते. तारीख घेताना फोनवरच विचारायचं, "घरात घालण्यासारखा धड चष्मा आहे का?" नसेल तर आधी साधा, स्वस्तातला का होईना, चष्मा करून घ्या. ज्याच्याकडे चष्माच नाही तो दोन आठवडे लेन्सशिवाय काढूच शकत नाही, हे आता मला पाठ आहे.

नंबर थांबलेला नसताना घाई

अठरा पूर्ण झाले की वाढदिवसाची भेट म्हणून लेझर. अठरा ही खालची मर्यादा आहे, मुहूर्त नव्हे. गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्या नंबराहून (०.५) जास्त हललेला नसावा. बऱ्याच मुलांचा तो विशीच्या सुरुवातीपर्यंत हलत असतो, आणि दिवसभर मोबाइल आणि अभ्यास असेल तर आणखी. जुने कागद सापडत नाहीत ही तक्रार नको. जुने चष्मे आणा, प्लास्टिकच्या पिशवीत खडखडत आणले तरी चालतील, काचा ठेवून लेन्सोमीटरवर मी नंबर वाचून घेईन. "वाढला नाहीये हो" असं आईने सांगण्यापेक्षा ते बरं.

"नाही" ऐकलं की दुसरं दार ठोठावणं

इथे जरा सविस्तर बोलते, कारण याची किंमत मोठी असते.

एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा, धुळीत काम, लहानपणापासून डोळ्यांना खाज. बोलता बोलताच तो बोटांची पेरं डोळ्यात घालून असा काही चोळत होता की बघणाऱ्यालाच कसंतरी व्हावं. मायनस नंबर फार नव्हता, पण सिलिंडर दरवर्षी थोडा थोडा वाढत गेलेला. पेंटाकॅमवर, म्हणजे कॉर्नियाचे नकाशे काढणाऱ्या मशीनवर, नकाशा घेतला. कॉर्नियाच्या खालच्या भागात लाल डाग, म्हणजे तिथे उतार नको तितका तीव्र. सगळ्यांत पातळ जागाही मध्यावरून खाली सरकलेली, आणि मागच्या पृष्ठभागाला फुगवटा. याला केरॅटोकोनस म्हणतात. कॉर्निया आतून कमकुवत होऊन हळूहळू शंकूसारखा पुढे येतो. यात डोळे चोळणं म्हणजे आगीत तेल. अशा पडद्यावर लेझर केलं तर आधीच ढिल्या झालेल्या भिंतीतल्या विटा काढल्यासारखं होतं.

सर्जनने स्पष्ट 'नाही' सांगितलं. वडिलांना पटेना. "जाडी ५०५ आलीये ना? नेटवर ४८० चालते लिहिलंय. याच्या आत्येभावाचं तर ४९० वर झालं." हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर तोंडपाठ आहे. जाडी (ती मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात) हा एक आकडा झाला, त्या पडद्याची घडण ही वेगळी गोष्ट. ४९० चा सरळ, समतोल कॉर्निया कदाचित चालेल. ५०५ चा वाकडा चालणार नाही. आत्येभावाचा डोळा आत्येभावाचा.

ते उठून गेले. पुढे दुसरीकडे ऑपरेशन करून घेतलं. आमचा रिपोर्ट तिथे दाखवला का, हे मी नंतर विचारलं. "दाखवला असता तर त्यांनीही नाहीच म्हटलं असतं," हे वडिलांचं उत्तर. यावर काय बोलणार? तिथे कोणते नकाशे घेतले मला ठाऊक नाही. माझ्यासमोर आलेल्या फायलीत जाडी आणि नंबर होते, टोपोग्राफीचा, म्हणजे नकाशाचा कागद नव्हता.

सुरुवातीचे महिने मजेत गेले. मग एकाच दिव्याचे तीन दिवे दिसायला लागले. माझ्याकडे परत आला तेव्हा सिलिंडर चारच्या वर होता आणि चष्म्याने अक्षरं स्वच्छ होत नव्हती. कॉर्निया आणखी फुगू नये म्हणून सी-थ्री-आर केलं, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब टाकून अतिनील किरणांनी पडदा घट्ट करण्याची प्रक्रिया. त्याने बिघाड थांबतो, गेलेला आकार परत येत नाही. आज तो मोठी स्क्लेरल लेन्स घालतो. रोज सकाळी ती सलाइनने भरायची, बुडबुडा राहू न देता बसवायची, रात्री काढायची. ज्याला साधा चष्मा नकोसा झाला होता त्याच्या वाट्याला हे आलं.

दुसरं मत जरूर घ्या, मी स्वतः घ्यायला सांगते. पण पहिला रिपोर्ट हातात घेऊन जा. आणि घरात कुणाला केरॅटोकोनस असेल, कुणाचा कॉर्निया बदलला असेल, तुम्हाला डोळे चोळायची सवय असेल, तर न विचारता आपणहून सांगा.

मशीनच्या नावावर भाळणं

"ब्लेडलेस करता का? स्माइल आहे का? कॉन्टुराच पाहिजे." मोबाइल घेतल्यासारखं मॉडेल ठरवून येतात.

थोडक्यात सांगते. लॅसिकमध्ये पडद्याचा पातळ पापुद्रा उचलून खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. पीआरकेमध्ये पापुद्रा नसतो, वरची त्वचा दूर करून थेट पृष्ठभागावर लेझर, म्हणून तीन-चार दिवस चांगलंच दुखतं आणि नजर स्वच्छ व्हायला वेळ लागतो. स्माइलमध्ये आतल्या आत एक भिंगासारखा तुकडा कापून छोट्या छेदातून बाहेर काढतात. "सोमवारी ऑफिस आहे" या एका कारणासाठी पीआरके नाकारणारे भेटतात तेव्हा मी हात जोडते. पातळ कॉर्नियासाठी किंवा ज्यांना डोळ्यावर मार बसण्याचा संभव आहे, कबड्डी-कुस्तीवाले वगैरे, त्यांच्यासाठी तेच अनेकदा शहाणपणाचं ठरतं.

हिशेब कागदावर मांडायला सांगा. लॅसिकमध्ये एक नंबर घालवायला ढोबळमानाने १२ ते १५ मायक्रॉन जातात. समजा जाडी ५०० आहे आणि नंबर मायनस आठ. पापुद्र्याचे ११०, नंबरचे साधारण ११२. उरले २७८. कागदावर २५० ही किमान रेषा पार झाली म्हणून खूश होऊ नका, कित्येक सर्जन ३०० च्या खाली जायला नाखूश असतात. शिवाय पापुद्रा धरून पडद्याचा ४४ टक्के भाग हलवला गेला, आणि ४० च्या पुढे धोका वाढतो असं मानतात. अशा डोळ्याला आयसीएल, म्हणजे कॉर्नियाला हात न लावता डोळ्याच्या आत बसवायची लेन्स, हा पर्याय डॉक्टर सुचवतील. तो महाग आहे म्हणून "लेझरमध्येच भागवा की" असं म्हणू नका.

या कामातलं एक्सायमर लेझर फार नेमकं आहे. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत, सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या मांसावर ते चालवून पाहिलं, तेव्हा आजूबाजूचा भाग न जाळता कडा स्वच्छ कापली गेली. एका झटक्यात मायक्रॉनचाही अंश निघतो. इतक्या नेमक्या हत्याराने काम बिघडतं तेव्हा दोष बहुतेक वेळा आधीच्या निवडीत असतो. म्हणून मशीनची जाहिरात वाचण्यापेक्षा आपल्या नकाशाचा कागद समजावून मागा. आणि "फक्त आज ५० टक्के सूट" असं सांगणाऱ्या ठिकाणी मी माझ्या भाचीला पाठवणार नाही, एवढंच म्हणते.

चाळिशी विसरणं

बेचाळीस वर्षांचे गृहस्थ, नंबर मायनस दोन. पेपर वाचताना चष्मा काढून ठेवतात आणि मजेत वाचतात. लेझरने लांबचं शून्य केलं की हीच सोय जाते आणि वाचायला चष्मा लागतो. मग "तुम्ही तर चष्मा घालवला म्हणालात!" चाळिशी ही डोळ्यातल्या भिंगाची गोष्ट आहे, कॉर्नियावरच्या लेझरने ती थांबत नाही. अशांना मी लांबच्या पूर्ण नंबरची ट्रायल फ्रेम चढवते, त्यांचाच मोबाइल हातात देते आणि बायकोचा मेसेज वाचायला सांगते. निम्मे तिथेच विचारात पडतात. एक डोळा लांबला, एक जवळला ठेवायचा पर्याय आहे, पण आधी आठवडाभर लेन्स लावून तो अनुभवा. काहींना चक्कर येते, काहींना कळतही नाही.

बाकीच्या, एकेका ओळीच्या

डोळे कोरडे असताना दामटणं: एसीत दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांनी आधी कोरडेपणावर उपचार घ्या, लेझरनंतर काही महिने तो वाढतोच.

पडदा न तपासणं: मोठ्या मायनस नंबरात आतला पडदा, म्हणजे रेटिना, कडेला विरळ असू शकतो आणि लेझरने नंबर गेला तरी तो तसाच राहतो. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून तपासून घ्या. त्या दिवशी बाइक आणू नका, दरवेळी सांगते, दरवेळी कुणीतरी आणतंच.

गरोदरपण आणि अंगावर पाजणं: थांबा, नंबर हलतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. 'त्या तर त्वचेच्या आहेत' म्हणून लपवू नका.

रात्री गाडी चालवणारे: दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, बहुतेकांची कमी होतात, सगळ्यांची जात नाहीत. रोज रात्री घाट उतरणाऱ्याने हे आधी विचारात घ्यावं.

भरतीसाठी करणारे: काही भरत्यांत लेझर अटींवर चालतं, काहींत मुळीच नाही. ऑपरेशनच्या वेळचं वय आणि त्यानंतर गेलेले महिने मोजले जातात. अकॅडमीतल्या सरांच्या तोंडी माहितीवर जाऊ नका, त्या पदाची जाहिरात आणि वैद्यकीय निकष स्वतः वाचा. भरतीच्या तोंडावर तर नकोच.

विमा: ७.५ पेक्षा कमी नंबर असेल तर आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही. क्लेमसाठी कागदावर नंबर वाढवून मागणाऱ्यांनी माझ्याकडे येऊ नये.

ऑपरेशननंतर: काजळ, पोहणं, होळीचा रंग, डोळे चोळणं सगळं बंद, डॉक्टर सांगतील तोवर. "बरं वाटलं म्हणून" थेंब बंद करू नका, आणि उलट, स्टेरॉइडचे थेंब मनानेच महिनोन्‌महिने चालूही ठेवू नका, डोळ्याचा दाब वाढतो.

आणि फाइल फेकू नका. साठीत मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना लेझर झालेला डोळा हिशेब चुकवतो, काचबिंदूसाठी घेतलेला दाबही खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता आणि जाडी हे तीन आकडे असलेला कागद मागून घ्या, झेरॉक्स काढा आणि दहावीच्या मार्कशीटच्या फायलीत लावून टाका. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका, तोवर पाच-सात मोबाइल बदललेले असतील.