ट्रंकेतलं जुनं वाटणीपत्र कसं वाचायचं

घरात जुनं वाटणीपत्र किंवा मृत्युपत्र सापडलं तर आधी मोबाईलवर नीट फोटो काढा, घड्या उलगडताना कागद फाटतो म्हणून हळू. लॅमिनेशन अजिबात करू नका प्लीज.

मोडी (मराठीची जुनी लिपी) असेल तर घाबरायचं नाही, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, त्यामुळे नावं अंदाजाने लावावी लागतात. शके दिला असेल तर इसवी सन काढायला 78 मिळवा, पौषाच्या पुढचा महिना असेल तर 79.

आता खरी मजा यादीत आहे. जमीन सगळे बघतात, पण तुम्ही भांडी आणि अवजारं बघा. मोट (विहिरीतून पाणी उपसायची चामड्याची पखाल), नाडा, सोंदूर (तिचे दोर) लिहिलंय म्हणजे विहिरीवर बागायत होती. आमच्या कागदात एका भावाला "बैल एक" आणि दुसऱ्यालाही "बैल एक" असं आहे, म्हणजे वाटणी झाली तरी नांगरायला दोघांना एकत्रच यावं लागत असणार, हे वाचून मला खरंच भरून आलं. विहीर तर तुटत नाही, मग पाण्याच्या पाळ्या वाटतात, चार आणे हिस्सा म्हणजे चौथाई.

बायकांची नावं शेवटी शोधा, बऱ्याचदा नुसतं "मातोश्रीस पोटगी" किंवा चोळीबांगडीला थोडं शेत एवढंच असतं. 1956 च्या वारसा कायद्याआधीचा कागद असेल तर मुलींचं नाव बहुतेक नसतंच, म्हणून आत्याआजीला विचारून ती नावं तुम्ही वहीत लिहून ठेवाच.

मग तलाठ्याकडच्या जुन्या फेरफाराशी (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीशी) गट-सर्व्हे नंबर जुळवा.