नैरोबीत एक दिवसाची प्रायव्हेट सफारी: या चुका टाळा

नैरोबी नॅशनल पार्क शहराच्या मध्यापासून जेमतेम ७ किलोमीटरवर आहे. डिसेंबर १९४६ मध्ये जाहीर झालेलं हे केनियाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ ११७ चौरस किलोमीटर, म्हणजे आफ्रिकेच्या मानाने लहानच. कामानिमित्त आलेली, विमान बदलताना एखादा दिवस हाताशी असलेली किंवा मुलाकडे-लेकीकडे राहायला आलेली मराठी मंडळी इथे हमखास एका दिवसासाठी स्वतंत्र गाडी घेतात, आणि ते अगदी योग्य आहे. पण स्वतंत्र गाडीचे जादा पैसे आपण मुळात एकाच गोष्टीसाठी मोजतो: हवं तिथे, हवं तितका वेळ थांबता यावं म्हणून. खालच्या बहुतेक चुकांमध्ये नेमका हाच वेळ हातचा जातो.

एका दिवसात मसाई मारा

‘नैरोबीत आलोच आहोत तर मारा उरकून येऊ’ हा विचार पहिल्यांदा सोडून द्या. मसाई मारा नैरोबीहून रस्त्याने पाच-सहा तासांवर आहे. जाऊन-येऊन दहा-बारा तास गाडीत बसायचं आणि जंगलात उतरायचं ते भर दुपारी, सिंह झुडपाच्या सावलीत गाढ झोपलेले असताना. अशी सफर विकणारे भेटतात, पण घेऊ नका. मारासाठी किमान दोन मुक्काम हवेत.

अंबोसेलीही साधारण चार तासांवर आहे. किलिमांजारो दिसतो तो मुख्यतः पहाटे आणि संध्याकाळी. नैरोबीहून निघालेला माणूस पोचेपर्यंत डोंगर बहुधा ढगात गेलेला असतो. नाकुरू सरोवर एका दिवसात जमतं, फक्त फ्लेमिंगोंच्या गुलाबी किनाऱ्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका. गेल्या दशकात पाण्याची पातळी खूप वाढली आणि फ्लेमिंगोंचे मोठे थवे तिथून हलले. गेंडे आणि जिराफांसाठी मात्र नाकुरू आजही चांगलं आहे.

हातात खरोखर एकच दिवस असेल तर नैरोबी नॅशनल पार्कच घ्या. इथे हत्ती नाहीत, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे दिवसभर शोधत बसणार नाही. बिग फाइव्हपैकी बाकीचे चारही, म्हणजे सिंह, बिबट्या, गेंडा आणि रानम्हैस, आहेत. काळा गेंडा मोकळ्या रानात पाहायचा तर इतकी चांगली संधी फार थोड्या ठिकाणी मिळते.

कागदपत्रं आणि पैसे: गेटवर पोचण्याआधीच्या चुका

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ईटीए ही ऑनलाइन परवानगी सुरू केली. भारतीय पासपोर्टधारकांना ती लागते. विमान बदलण्यापुरतं विमानतळातच बसणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मधल्या वेळात पार्कमध्ये जायचं तर आधी ईटीए काढावीच लागेल. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या, जास्त पैसे घेणाऱ्या खासगी साइट शोधात वर येतात.

यलो फीव्हरची लस बरेच जण केनियाच्या नियमापुरती बघतात. मुख्य अडचण परतताना येते. केनियातून भारतात येणाऱ्या प्रवाशाकडे आपलं विमानतळ आरोग्य खातं यलो फीव्हरचं प्रमाणपत्र मागतं आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतं. लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, आणि ती सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. म्हणजे निघायच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की ती आयुष्यभर चालते.

पार्कची फी रोखीने घेत नाहीत. तिकीट केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या ऑनलाइन प्रणालीतून काढायचं असतं. आपली बरीच कार्डं परदेशी व्यवहारासाठी बंद ठेवलेली असतात आणि ओटीपी भारतातल्या सिमवर येतो. सकाळी सहाला गेटवर, रांगेत, रोमिंगशिवाय हे लक्षात येणं म्हणजे सोन्यासारखा अर्धा-पाऊण तास गेला. आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर तिकीट काढून ठेवा, किंवा गाडीवाल्याला काढायला सांगून पावती मागवून घ्या. पावतीवर तुमचा दर ‘नॉन-रेसिडेंट’ आहे ना, तेही पाहा. केनियाचे नागरिक, रहिवासी आणि परदेशी पाहुणे यांचे दर वेगवेगळे आहेत. स्वस्त पॅकेजमधली मेख अनेकदा इथेच निघते: सांगितलेल्या रकमेत पार्कची फी धरलेलीच नसते. माणसांची फी, गाडीची फी, ड्रायव्हर-गाइड, न्यायला-सोडायला येणं, यातलं काय आत आणि काय बाहेर, हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

‘सफारी, हत्तीची पिल्लं, जिराफ सेंटर, सगळं एका दिवसात’

ही सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. शेल्ड्रिक ट्रस्टच्या अनाथालयात हत्तीची पिल्लं सकाळी ११ ते १२ या तासात पाहता येतात, तीही आगाऊ नोंदणी असेल तर. त्यासाठी दहाच्या सुमारास सफारी सोडून बाहेर पडावं लागतं, कारण तिथे जायचा रस्ता वेगळा आहे. मग तिथून जिराफ सेंटर, मग जेवण, मग ट्रॅफिक. स्वतंत्र गाडी घेऊनही दिवस ग्रुप टूरसारखाच जातो. लहान मुलं बरोबर असतील तर पिल्लं बघायलाच हवीत हे मला पटतं. मग ती सफर अर्ध्या दिवसाची आहे असं मनाशी ठरवूनच आखा आणि उजाडल्यापासून दहापर्यंतचे तास एकाही फाट्याशिवाय रानातच काढा. आणि एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडतील असं गृहीत धरू नका.

ताडोबाची सवय असलेल्यांची चूक जरा वेगळी असते. तिकडे सकाळची आणि दुपारची अशा ठरलेल्या फेऱ्या असतात, त्यामुळे तीन-चार तास झाले की ‘झाली सफारी’ म्हणून गाडी वळवायला सांगितलं जातं. इथे उद्यान सकाळी ६ ते संध्याकाळी ६ उघडं असतं आणि फेऱ्यांची भानगड नाही. शिदोरी बरोबर असेल तर दिवसभर आत राहता येतं.

सहाला म्हणजे सहालाच गेटवर असा. विषुववृत्ताजवळ असल्याने इथे बाराही महिने साडेसहाच्या आगेमागेच उजाडतं. केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, त्यामुळे भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला पहाटे साडेचारला उठणं मुळीच जड जात नाही. शरीराच्या हिशोबाने तेव्हा सकाळचे सात वाजलेले असतात. हॉटेलचा नाश्ता साडेसहाला सुरू होतो म्हणून थांबणारे त्या दिवसाचा सगळ्यात चांगला तास गमावतात. डबा मागून घ्या, किंवा नैरोबीतल्या पार्कलँड्स भागातून आदल्या दिवशी पोळी-भाजी, ठेपले आणून ठेवा. त्या भागात शाकाहारी भारतीय जेवण सहज मिळतं. हॉटेलच्या ‘पॅक्ड लंच’मध्ये चिकन सँडविच निघू शकतं, शाकाहारी असाल तर आधी बजावून सांगा.

डबा स्टीलचा आणि पाण्याची बाटलीही धातूची हवी. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि ५ जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून फेकायचं प्लास्टिकही चालत नाही. त्यात पाण्याच्या बाटल्या आल्याच. बॅगेतल्या चपला-कपड्यांवरच्या कॅरीबॅग निघण्याआधी घरीच काढून ठेवा.

गाडी

‘प्रायव्हेट कार’ म्हणून साधी टॅक्सी येऊन उभी राहिल्याचे प्रकार घडतात. या पार्कमध्ये साध्या गाडीलाही प्रवेश मिळतो, त्यामुळे गेटवर कुणी अडवत नाही. पण उंच गवतात, खालच्या सीटवरून, काचेआडून काय दिसणार? छत वर उचलता येणारी व्हॅन किंवा लँड क्रूझर आहे ना, हे फोटो मागवून पक्कं करा. प्रत्येकाला खिडकी मिळेल इतकीच माणसं बसवा. गुडघेदुखी असलेल्या आई-बाबांना लँड क्रूझरची पायरी उंच पडते, त्यांच्यासाठी व्हॅन बरी.

पाऊस असेल तर निर्णय बदलतो. मार्च ते मे हा मोठा पावसाळा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून डिसेंबरपर्यंत छोटा. इथल्या मैदानी भागातली माती म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली काळी कापसाचीच जमीन. एक सर पडली की चाकाला चिखलाचे थर चढतात आणि गाडी जागेवर फिरते. अशा दिवशी फोर-व्हील ड्राइव्हच घ्या आणि ड्रायव्हर मुख्य रस्ता सोडायला नको म्हणाला तर त्याचं ऐका. पाऊस पडला म्हणून सफारी रद्द करू नका मात्र. सर थांबल्यावर सिंह ओलं गवत टाळून पुष्कळदा रस्त्यावरच येऊन बसतात.

आत गेल्यावर

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण दिवसाचं सोनं होतं की माती, ते इथेच ठरतं.

पहिली चूक म्हणजे ड्रायव्हरला ‘सिंह दाखवा’ एवढंच सांगणं. मग तो बिचारा फोनवर इतर गाड्यांचा माग घेत, जिथे आधीच आठ गाड्या उभ्या आहेत तिथे तुम्हाला पोचवतो, आणि तिथून पुढच्या खबरीकडे धावतो. त्याऐवजी सुरुवातीलाच सांगा: आम्हाला घाई नाही, कमी प्राणी चालतील, पण नीट बघायचे आहेत. हे ऐकून चांगल्या गाइडचा चेहरा खुलतो. आणि गाडी थांबली की इंजिन बंद करायला सांगा. इंजिन चालू असताना फोटो हलतात हे तर झालंच, शिवाय रान ऐकू येत नाही.

ताडोबात आपण चितळ-वानरांच्या कॉलवर कान ठेवतो. इथे डोळे ठेवायचे जिराफांवर. तीन-चार जिराफ चरणं सोडून, माना ताठ करून एकाच दिशेला टक लावून उभे असतील तर त्या दिशेला काहीतरी आहे. झेब्र्यांचा कळप चरायचा थांबून एका बाजूला तोंड करून उभा राहिला की तेच समजा. अशा वेळी गाडी पुढे नेऊ नका. दहा मिनिटं, वीस मिनिटं थांबा. पिवळ्या गवतात आधी काहीच नसतं, मग एक कान हलतो. कानामागचा काळा ठिपका दिसतो. तो एकदा दिसला की त्याच्या शेजारचे आणखी दोन आपोआप दिसायला लागतात. ग्रुपच्या गाडीत हे होत नाही, कारण तिथे कुणीतरी पाचव्या मिनिटाला ‘चला’ म्हणतं.

गेंड्यांसाठी पूर्वेकडचा अथी बेसिनचा मोकळा पट्टा आणि मुख्य गेटजवळचं नागोलोमोन धरण ही चांगली ठिकाणं. चौकोनी ओठांचा पांढरा गेंडा गवत खातो, म्हणून मैदानात उघडा सापडतो. काळा गेंडा झुडपांचा पाला खातो, तो झाडीच्या कडेला शोधावा लागतो. पश्चिमेकडच्या जंगलात बिबट्या आहे, पण एका दिवसात त्याच्या मागे लागू नका. दिसला तर भाग्य.

अकरापर्यंत काहीच दिसलं नाही, असंही होतं. घाबरून उद्यानभर चकरा मारायची गरज नाही. ऊन चढल्यावर पाण्याकाठी जाऊन बसा. उद्यानात ४०० हून अधिक जातींचे पक्षी आहेत, दुर्बीण असेल तर दुपार कशी जाते कळत नाही. हिप्पो पूलजवळ सशस्त्र रेंजरबरोबर नदीकाठाने चालताही येतं. ठरवून दिलेल्या अशा जागा सोडून गाडीतून कुठेही उतरायचं नाही, एका फोटोपुरतंही नाही. हस्तिदंत जाळलेली जागाही अशांपैकी एक आहे. १९८९ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोई यांनी चोरट्या शिकारीच्या निषेधार्थ १२ टन हस्तिदंत पेटवलं ते इथेच, आणि २०१६ मध्ये १०५ टनांचे ढीग जाळले तेही इथेच. पुष्कळ जण ‘तिथे प्राणी नाहीत’ म्हणून ती टाळतात. कृपा करून टाळू नका. त्या राखेजवळ उभं राहिल्यावर दिवसभर पाहिलेल्या गेंड्यांच्या शिंगांकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो.

पिकनिकच्या जागी डबा उघडताना बबून आणि लहान माकडांवर लक्ष ठेवा. ती हातातली पोळी ओढतात. त्यांना खायला घालणं तर अजिबात नको, त्यातूनच ती धीट होतात आणि पुढे जिवाला मुकतात. स्वच्छतागृहं गेटवर आणि अशा ठरावीक जागीच आहेत, ज्येष्ठांना आणि मुलांना घेऊन फिरताना मार्ग तसा आखा.

आणि ‘थोडी जवळ घ्या ना, टिप देतो’ हे म्हणू नका. रस्ता सोडून गाडी घालायला मनाई आहे. आपल्या आग्रहाखातर ड्रायव्हरने नियम मोडला तर दंड आणि नोकरीची जोखीम त्याची, आणि शिकार सुटते त्या जनावराची. उद्यानाला तीन बाजूंनी कुंपण आहे, फक्त दक्षिणेची बाजू मोकळी आहे आणि तिकडेही वस्ती वाढते आहे. या प्राण्यांना माणसापासून पळायला जागा फारशी उरलेली नाही. ड्रोन तर हॉटेलातही आणू नका.

कपडे आणि परतीची वेळ

आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून सुती टी-शर्टवर येणारे पहाटे कुडकुडतात. नैरोबी समुद्रसपाटीपासून १६०० मीटरच्या वर आहे. जून ते ऑगस्टमध्ये छत उघडं ठेवून सकाळी फिरायचं तर स्वेटर आणि कानटोपी लागतेच. दुपारी तेच ऊन चांगलं भाजतं, तेव्हा टोपी आणि सनस्क्रीनही हवं.

त्याच रात्रीचं विमान असेल तर गेट आधी ठरवा. विमानतळाच्या बाजूला मोम्बासा रोडवरचं ईस्ट गेट जवळ पडतं, शहरातल्या वेस्टलँड्स-कॅरेन भागांकडून लांगाटा रोडवरचं मुख्य गेट. सकाळी मुख्य गेटने आत शिरून, दिवसभर पूर्वेकडे सरकत ईस्ट गेटने बाहेर पडलं की एकही रस्ता दोनदा करावा लागत नाही. संध्याकाळी पाचनंतर मोम्बासा रोड तुंबतो. आठचं विमान असेल तर साडेतीनला गेटबाहेर असा. सामान सकाळीच गाडीत घेऊन निघा, हॉटेलवर परत जायची वेळ येऊ देऊ नका.