जुन्या बोर्डावरून शर्यतीत उतरताना

विंडसर्फिंगच्या, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून पाण्यावरून जाण्याच्या शर्यतीत उतरायचंय, बोर्ड नवा घेऊ की जुना, असं मला हल्ली महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतं. मी आधी एवढंच विचारते, की तुम्ही ज्या पाण्यावर उतरणार तिथे वारा किती असतो? बरेच जण थांबून विचार करू लागतात. सहा वर्षांपूर्वी मलाही याचं उत्तर देता आलं नसतं. बोर्डाची निवड मात्र याच उत्तरावर ठरते, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मी मूळची सांगलीकडची. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत. आता लंडनच्या पश्चिमेला राहते. हीथ्रो विमानतळाच्या आजूबाजूला शहराला पाणी पुरवणारे मोठमोठे जलाशय आहेत, त्यांतल्या काहींवर शिडाच्या होड्या आणि बोर्ड चालवणारे क्लब आहेत. त्यांतल्या एकावर मी अडतिसाव्या वर्षी शिकायला लागले. तिथे उन्हाळ्यात बहुतेक दिवस वारा ६ ते १० नॉट असतो, म्हणजे ताशी साधारण ११ ते १८ किलोमीटर. आजकालचे आखूड, रुंद बोर्ड पाण्यावर घसरायला लागले की फार वेगवान. पण एवढ्या कमी वाऱ्यात ते घसरतच नाहीत, पाणी ढकलत बसतात. लांब बोर्ड मात्र ५ नॉटमध्येसुद्धा पाणी कापत शांतपणे पुढे जातो. तुमच्याकडे असाच हलका वारा असेल, तर जुना लांब बोर्ड ही तडजोड नाही, तेच त्या पाण्याचं योग्य साधन आहे.

माझा बोर्ड मिस्ट्रल वन डिझाइन, २००१ सालचा. लांबी ३.७२ मीटर, शीड ७.४ चौरस मीटरचं. १९९६, २००० आणि २००४ या तिन्ही ऑलिम्पिकमध्ये पुरुष आणि स्त्रिया याच बोर्डावर आणि याच मापाच्या शिडाने उतरले. ली लाय शानने हाँगकाँगला पहिलं ऑलिम्पिक पदक मिळवून दिलं ते १९९६ मध्ये, याच बोर्डावर, आणि तेही सुवर्ण. इस्रायलचं पहिलं सुवर्णही याच बोर्डावरचं, गाल फ्रीडमनने २००४ मध्ये मिळवलेलं. २००८ पासून ऑलिम्पिकसाठी आरएस:एक्स हा रुंद बोर्ड आला आणि २०२४ मध्ये पाण्याच्या वर उचलला जाणारा आयक्यूफॉइल. ऑलिम्पिकचा बोर्ड बदलला की जिंकायला निघालेले सगळे नव्याकडे वळतात आणि कालचा उत्तम बोर्ड गॅरेजच्या छताला टांगला जातो. बोर्ड, शीड, मास्ट (शिडाची उभी काठी) आणि बूम (हाताने धरायचा आडवा दांडा) मिळून मी १४० पौंड दिले. कितीतरी नामवंत खेळाडूंनी ज्यावर आयुष्य घालवलं, ती वस्तू इतक्या कमी पैशांत हाती येते याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

मिस्ट्रल इक्विप, एफ-टू लाइटनिंग, फॅनॅटिक कॅट ही सगळी याच कुळातली. घेताना दोन गोष्टी पाहा: मधोमध आत-बाहेर होणारा डॅगरबोर्ड, म्हणजे बोर्डाला आडवं घसरू न देणारं पाण्यातलं पातं, आणि मास्टचा पाया पुढेमागे सरकवणारी पट्टी. नव्वदच्या दशकातले आखूड बोर्डही जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळतात आणि नवखे लोक त्यांना भुलतात. त्यांना डॅगरबोर्ड नसतो. हलक्या वाऱ्यात ते वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, चढतच नाहीत, आणि शर्यतीचा निम्मा भाग वर चढण्याचाच असतो. असा बोर्ड कुणी फुकट दिला तरी शर्यतीसाठी घेऊ नका.

बोर्ड पाहायला जाल तेव्हा माठ घेताना वाजवून बघतो तसा तो बोटांच्या पेरांनी वाजवत जा. टाचा आणि पाय ठेवायच्या जागी जरा जास्तच वाजवा. आवाज सगळीकडे एकसारखा टणक हवा. एखाद्या जागी तो बद्द झाला, तर वरचा थर आतल्या फोमपासून सुटलाय. तिथे अंगठ्याने दाबा. दबलं तर दुसरा बोर्ड शोधा. मग वजन. बाथरूममधला काटा सोबत न्या, आधी स्वतः उभं राहा, मग बोर्ड कवेत घेऊन. मिस्ट्रलसारखा बोर्ड साडेपंधरा किलोच्या आसपास असतो. काटा १८-१९ दाखवत असेल तर आत पाणी शिरलंय, आणि ते पूर्णपणे कधीच बाहेर येत नाही. मास्टच्या पट्टीभोवती बारीक चिरा आहेत का ते बॅटरी लावून बघा, डॅगरबोर्ड दोन-चार वेळा आत-बाहेर करून बघा. खालच्या फटीवरच्या रबरी ओठांची झीज झाली असेल तर घाबरू नका, ते बदलता येतात. शीड उन्हाकडे धरा. पारदर्शक फिल्म पिवळी पडून कागदासारखी करकरत असेल, तर ते एका मोसमाचं सोबती आहे असं धरून भाव करा.

आणि मास्ट बोर्डाला जोडणारा रबरी सांधा. याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मी तो तपासला नव्हता. बोर्डासोबत आलेला सांधा बाहेरून काळाभोर, गुळगुळीत दिसत होता. ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो जलाशयाच्या मधोमध तुटला. सांध्याला जोडपट्टा असल्यामुळे शीड वाहून गेलं नाही, पण उभं राहण्याचा प्रश्नच नव्हता. शीड बोर्डावर आडवं घेऊन, पोटावर झोपून हातांनी वल्हवत किनाऱ्याकडे निघाले. बचावबोट येईपर्यंत दहाएक मिनिटं गेली असतील. तेवढ्यात बोटं इतकी बधिर झाली, की किनाऱ्यावर जाकिटाची चेन मला स्वतःला उघडता येईना. त्या दिवसापासून दर मार्चमध्ये सांधा नवीन. रबर दोन्ही बाजूंना पूर्ण वाकवून बघायचं, केसाएवढी चीर दिसली तरी फेकायचं. बोर्ड जुना चालतो, शीड जुनं चालतं. सांधा, दोऱ्या आणि तरंगतं जाकीट जुनं घ्यायचं नाही. इंग्लंडात उतरणार असाल तर जाड वेटसूटही हवा. माझे त्यावर बोर्डापेक्षा जास्त पैसे गेले आणि ते योग्यच होतं.

आता पाण्यावर. वारा येतो त्या बाजूला चढताना डॅगरबोर्ड पूर्ण खाली, मास्टचा पाया पुढे, तुम्ही मास्टजवळ. बोर्ड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या कडेवर किंचित कललेला ठेवायचा, म्हणजे लांब कड पाणी पकडते. वारा १२ नॉटच्या वर गेला की डॅगरबोर्ड बोर्डाला जोराने उलथू पाहतो; तेव्हा वजन वाऱ्याकडच्या कडेवर द्यायचं आणि तरीही ऐकेना तर डॅगरबोर्ड थोडा मागे घ्यायचा. आडव्या वाऱ्यात तो पूर्ण आत आणि मास्टचा पाया मागे. सगळ्यात अवघड आहे ते वारा पाठीशी घेऊन खाली येणं. शीड समोर पडद्यासारखं आडवं, पायांखाली बोर्ड डुगडुगतो, आणि नवखा माणूस इथेच पडतो. डॅगरबोर्ड थोडासा खाली ठेवला तर डुगडुग कमी होते. मी पहिला अख्खा महिना फक्त हेच केलं. वर चढायचं, खाली यायचं, पुन्हा वर. ज्याला न पडता खाली येता येतं, तो पहिल्या शर्यतीत शेवटचा येत नाही.

नियमांचं पुस्तक जाडजूड आहे, पण सुरुवातीला तीन गोष्टी पुरतात. वारा उजवीकडून येत असेल तर हक्क तुमचा, डावीकडून येत असेल तर तुम्ही वाट द्यायची. बोर्डावर हे ओळखायची सोपी खूण म्हणजे मास्टजवळचा हात. तो उजवा असेल तर हक्क तुमचा. दोघांचा वारा एकाच बाजूने येत असेल, तर वाऱ्याच्या बाजूला असणाऱ्याने खालच्याला वाट द्यायची. मागून येणाऱ्याने पुढच्याला धक्का लावायचा नाही. चुकलात तर बाकीच्यांपासून दूर होऊन बोर्ड एकदा पूर्ण गोल फिरवायचा आणि पुढे जायचं. बोर्डांच्या शर्यतीत शीड हलवून वारा उपसायलाही परवानगी असते, होड्यांना ती सहसा नसते. पण आधी चार शर्यती न उपसता करा, नाहीतर हात भरून येतात आणि वारा कळत नाही.

शर्यत निम्म्याहून जास्त ठरते ती सुरुवातीच्या रेषेवर, म्हणून माझा सगळ्यात जास्त सराव तिथेच गेला. पाच मिनिटं आधी वर्गाचा, म्हणजे तुमच्या प्रकारच्या बोर्डांचा, झेंडा चढतो, चार मिनिटं आधी पूर्वतयारीचा, एक मिनिट उरलं की तो उतरतो, आणि शून्याला वर्गाचा झेंडा उतरतो. घड्याळ झेंड्यावर लावायचं. भोंगा दूरवर उशिरा ऐकू येतो. पहिल्या शर्यतीत शून्य वाजलं तेव्हा मी रेषेच्या चाळीस मीटर खाली होते, कारण गर्दीची भीती वाटत होती. लांब बोर्ड वेग घ्यायला वेळ लावतो. उभा राहिलेला बोर्ड पूर्ण वेगात यायला माझे दहा-बारा सेकंद जातात, ते मी घड्याळ लावून मोजलेत. तुमचेही मोजा. पंचांच्या बोटीच्या टोकाला सगळे चिकटतात, तिथे जाऊ नका. रेषेच्या मध्यावर जागा मिळते. मात्र मध्यावरून रेषा नेमकी कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी आधीच बोटीजवळ जाऊन, पलीकडच्या टोकाच्या बोयामागे (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेमागे) काठावरचं कुठलं झाड किंवा खांब येतो ते बघून ठेवायचं. शर्यतीत बोया आणि ते झाड एका रेषेत आलं की तुम्ही रेषेवर. मध्यावरचे बाकीचे घाबरून दोन बोर्ड मागे राहतात, आणि तेवढ्यात आपण स्वच्छ वाऱ्यात निघतो.

निघाल्यावर बघायचं ते फक्त पाणी. पाणी काळपट दिसलं की तिथे झुळूक आहे. सरळ जाताना बोर्डाचं नाक आपोआप, ज्या बोयाकडे चढायचंय त्या बोयापासून दूर वळायला लागलं, म्हणजे वारा नाकावर आला. वळून दुसऱ्या बाजूने चला. नाक बोयाकडे वळत असेल तर काही करू नका, चालू द्या. आमच्याकडे डोक्यावरून विमानं उतरतात आणि ती वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, त्यामुळे एकूण वारा कुठला ते मान वर करून कळतं. पण पूर्वेचा हलका वारा असेल तर विमानांवर विसंबू नका. हीथ्रोला पश्चिमेकडे तोंड करून उतरवण्यालाच प्राधान्य असतं, पाठीमागून साधारण ५ नॉट वारा येईपर्यंत दिशा बदलत नाहीत. हे मला दोन शर्यती चुकीच्या बाजूला गेल्यावर कळलं.

गुणपद्धत नीट समजून घ्या, ती आपल्यासारख्यांच्या बाजूने आहे. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, आणि कमी गुणांचा जिंकतो. जो आलाच नाही, त्याला एकूण नावनोंदणीपेक्षा एक जास्त गुण. म्हणजे शेवटचं येणंसुद्धा घरी बसण्यापेक्षा फायद्याचं. माझ्या पहिल्या मोसमात १८ जणांची नोंदणी होती. मी बहुतेक शर्यतींत ११ ते १४ यांच्या मध्ये होते, पण एकही रविवार चुकवला नाही, आणि मोसमाच्या शेवटी सातवी आले. माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान चार जण माझ्या खाली होते.

जुन्या बोर्डाच्या मर्यादाही स्पष्ट सांगते. वारा १८ नॉटच्या पुढे गेला की माझ्यासारख्या ५४ किलोच्या बाईला ३.७२ मीटरचा बोर्ड आवरत नाही. त्या दिवशी मी किनाऱ्यावर पंचांना मदत करते. आणि घरात बारा-तेरा वर्षांचं मूल असेल, त्याला पुढे देशासाठी खेळायचं असेल, तर त्याला जुन्या बोर्डावर वर्षानुवर्षं ठेवू नका. त्याची वाट टेक्नो २९३ या मुलांच्या बोर्डावरून आणि मग फॉइलवरून जाते. गोव्याची कात्या कुएल्हो आणि तिचा भाऊ डेन आरएस:एक्सवर खेळले. ऑलिम्पिकचा बोर्ड बदलल्यावर कात्या आयक्यूफॉइलकडे वळली, कारण त्या पातळीवर दुसरा मार्गच नसतो.

मुंबईत किंवा गोव्यात उतरणाऱ्यांनी माझ्या अनुभवात एक भर घालावी, ती भरती-ओहोटीची. जलाशयात ती नसते. मुंबई बंदरात उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, आणि पाण्याची ती ओढ हलक्या वाऱ्यात बोर्डापेक्षा जोरदार ठरू शकते. बोया कुठल्या बाजूला कललाय आणि त्याच्यामागे पाण्याचा फेस कुठे ओढला जातोय हे सुरुवातीच्या आधी जाऊन बघा. ओढ विरुद्ध असेल तर बोयाच्या बरंच वर गेल्यावर वळा, नाहीतर बोयाला धडकून पुन्हा फेरी घालावी लागते.

शर्यतीच्या दिवशी किनाऱ्यावर तासभर आधी पोहोचा. जुन्या शिडाची खाली ओढायची दोरी नव्यासारखी सहज सरकत नाही, ती ताणायला दोन्ही हात आणि एक पाय लागतो. नवखे लोक दमून ती अर्धवट सोडतात, आणि मग झुळूक आली की शीड हातातून निसटतं. दोरी मास्टच्या पायथ्याशी पुरेपूर ताणून, गाठ मारून, एकदा शीड उभं करून बघा. ते ठीक दिसलं की सांधा वाकवून बघा, आणि मग पाण्यात उतरा.