नॉर्वे आणि नायजेरिया एकाच तक्त्यात मांडायचे असतील तर

देशांचे तक्ते तपासणं हा माझा रोजचा उद्योग. लेखक आकडे आणून देतात आणि मी विचारत बसते, हा कोणत्या वर्षाचा, कुणी मोजला, कसा मोजला? त्यामुळे मी फारशी लोकप्रिय नाही. डेन्मार्क आणि स्वीडन शेजारी ठेवले तर थोडी गफलत खपून जाते, कारण दोघांकडे मोजायची रीत जवळपास एकच आहे. दोन टोकांचे देश घेतले की जवळजवळ प्रत्येक रकाना दगा देतो. नॉर्वे आणि नायजेरिया ही जोडी घेऊन माझी पद्धत सांगते. या जोडीत बहुतेक सगळे सापळे एकाच ठिकाणी सापडतात.

आधी प्रश्न ठरवा. ‘कोण पुढे?’ हा प्रश्न नव्हेच, त्याचं उत्तर तक्ता न करताही सगळ्यांना ठाऊक आहे. जोडीत काहीतरी समान असावं आणि प्रश्न त्यातून निघावा. इथे समान आहे ते तेल. नायजेरियात ओलोइबिरी इथे १९५६ मध्ये तेल लागलं, नॉर्वेच्या समुद्रात एकोफिस्कचा मोठा साठा १९६९ मध्ये. मग त्या पैशाचं दोन्हीकडे काय झालं, हा झाला प्रश्न. तो कागदाच्या वर लिहून ठेवा. ज्या आकड्याने त्याचं उत्तर पुढे सरकत नाही तो घेऊ नका, कितीही सहज मिळत असला तरी.

आता बहुतेक लेख इथून थेट उडी मारतात: नॉर्वेने तेलाचा पैसा शहाणपणाने साठवला, नायजेरियाने उधळला. हे लिहायच्या आधी एक भागाकार करा. नॉर्वे दिवसाला साधारण १८ लाख बॅरल कच्चं तेल काढतो, नायजेरिया अलीकडे १४ लाखांच्या आसपास. आकडे जवळचे दिसतात. पण नॉर्वेत माणसं आहेत सुमारे ५५ लाख आणि नायजेरियात २२ कोटींच्या वर. म्हणजे वर्षाला माणशी नॉर्वेत ११५-१२० बॅरल आणि नायजेरियात जेमतेम सव्वादोन. बॅरलला ८० डॉलर भाव धरला आणि काढण्याचा खर्च शून्य मानला, तरी नायजेरियन माणसाच्या वाट्याला वर्षाला दोनशे डॉलरसुद्धा येत नाहीत. नॉर्वेचा गॅस तर यात धरलेलाच नाही. भ्रष्टाचार, उधळपट्टी हे सगळं आहेच, पण एक पैसाही चोरीला गेला नसता तरी नायजेरियाचा नॉर्वे झाला नसता. दोन देशांची बेरीज-वजाबाकी करण्याआधी दोघांनाही डोक्यांनी भागा, ही माझी पहिली अट त्यासाठी.

आणि भागताना डोकी कुणी मोजली तेही बघा. नॉर्वेत १९६४ पासून केंद्रीय लोकसंख्या नोंदवही आहे, प्रत्येकाला क्रमांक आहे. नायजेरियाची शेवटची जनगणना २००६ ची, तेव्हा आकडा आला १४ कोटी. त्यानंतरचं सगळं अंदाजावर. तिथे जनगणना हा राजकीय आखाडा आहे, कारण लोकसंख्येवर राज्यांचा निधीतला वाटा आणि संसदेतल्या जागा अवलंबून असतात. १९६२ ची गणना इतकी वादग्रस्त ठरली की १९६३ मध्ये पुन्हा करावी लागली. २०२३ साठी ठरलेली गणनाही पुढे ढकलली गेली. त्यामुळे नायजेरियाचा कोणताही दरडोई आकडा दशांश चिन्हाच्या पुढे दोन घरं लिहून आणला की मी तो गोल करून टाकते.

आता जीडीपी. इथे विचारायचं असं: देश बदलला की मोजणी बदलली? एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियाने आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती आणि अर्थव्यवस्थेची रचना पायाला धरून मोजतात ते वर्ष, १९९० वरून २०१० वर आणलं. नव्या हिशोबात मोबाइल सेवा, चित्रपट उद्योग यांना त्यांची खरी जागा मिळाली आणि २०१३ चा जीडीपी ८९ टक्क्यांनी वाढून सुमारे ५१० अब्ज डॉलर झाला. एका दिवसात देश दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून आफ्रिकेतली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरला. त्या दिवशी कुणाच्या घरी एक दाणा जास्त शिजला नव्हता. आलेखात अशी उडी दिसली की आधी आधारवर्ष शोधा, कारणमीमांसा नंतर.

उलट्या दिशेचा सापळा डॉलरचा. जून २०२३ मध्ये नायजेरियाने अधिकृत विनिमयदरावरचा धरबंध सोडला. तोवर एका डॉलरला अधिकृतपणे ४६० च्या आसपास नायरा मिळत, खुल्या बाजारात सातशेच्या वर. २०२४ संपेपर्यंत अधिकृत दरच १,५०० च्या पुढे गेला. साहजिकच डॉलरमधला जीडीपी कोसळला, पण नायरामध्ये स्थिर किमतींनी, म्हणजे महागाईचा परिणाम वगळून, मोजलं तर अर्थव्यवस्था त्या काळात वाढतच होती. गंमत म्हणजे नॉर्वेचंही असंच झालं. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे युरोपात गॅसचे भाव भडकले, नॉर्वेचा दरडोई जीडीपी लाख डॉलरच्या वर गेला आणि पुढच्या वर्षी भाव उतरल्यावर, क्रोन हे तिथलं चलन घसरल्यावर, जवळपास पाचव्या हिश्शाने खाली आला. ओस्लोतल्या कुणाची पाचवा हिस्सा पगारकपात झाली नव्हती. नॉर्वेची सांख्यिकी संस्था म्हणूनच समुद्रातलं तेल-गॅस आणि सागरी वाहतूक वगळून ‘मुख्य भूमी’चा जीडीपी वेगळा देते. तुलनेत मी तोही मागते.

थोडक्यात नियम असा: वाढ बघायची तर देशाच्या स्वतःच्या चलनात, स्थिर किमतींनी. राहणीमान बघायचं तर क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या पैशात तिथे किती विकत घेता येतं त्यावरून. बाजारभावाचा डॉलर फक्त तिथे, जिथे खरोखर डॉलर मोजावे लागतात, म्हणजे आयात आणि परकीय कर्ज.

बेरोजगारीचा रकाना तर मी शक्यतो घेऊच देत नाही. २०२० च्या शेवटच्या तिमाहीत नायजेरियाचा दर ३३.३ टक्के होता. २०२३ च्या पहिल्या तिमाहीत तो ४.१ टक्के. इतक्या नोकऱ्या आल्या कुठून? कुठूनच नाही. आधी आठवड्याला वीस तासांपेक्षा कमी काम करणारा बेरोजगार धरला जाई, नव्या पद्धतीत एक तास काम केलं तरी तो रोजगारात. नवी पद्धत आंतरराष्ट्रीय मापदंडाला धरूनच आहे, फसवाफसवी नाही. पण नॉर्वेचा दरही चारच्या आसपास, मग तक्त्यात दोन्ही देश खांद्याला खांदा लावून उभे राहतात! ज्या देशात बेकार राहणं परवडतच नाही तिथे माणूस रस्त्यावर चार वस्तू मांडून बसतो आणि आकडेवारीत कामकरी ठरतो. त्याऐवजी अनौपचारिक रोजगाराचा, म्हणजे करार-संरक्षण नसलेल्या अशा कामांचा वाटा घ्या. नायजेरियात तो नव्वद टक्क्यांहून जास्त आहे.

कर्जाचा रकाना मात्र मला आवडतो, कारण तिथे एकच आकडा दोन उलट गोष्टी सांगतो. २०२३ मध्ये, तेव्हाच्या जीडीपी-हिशोबाने, दोन्ही सरकारांचं प्रत्येकी कर्ज जीडीपीच्या ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये होतं. नवखा लेखक लिहितो, ‘कर्जाच्या बाबतीत दोन्ही देश सारखे.’ पण नॉर्वेकडे दुसऱ्या बाजूला तेलाच्या पैशाचा तो प्रसिद्ध निधी आहे. १९९० चा कायदा, १९९६ मध्ये पहिली रक्कम, आणि आज देशाच्या वार्षिक जीडीपीच्या कितीतरी पट मोठा साठा. जगभरच्या नोंदणीकृत कंपन्यांच्या समभागांपैकी सुमारे दीड टक्के त्याच्या मालकीचे आहेत. सरकारने त्यातून वर्षाला किती उचलायचं याचाही दंडक आहे, २००१ मध्ये साधारण चार टक्के, २०१७ पासून तीन. म्हणजे नॉर्वेचं निव्वळ कर्ज उणे आहे.

नायजेरियाची अडचण कर्जाच्या आकारात नाही, ती फेडायच्या पैशात आहे. नॉर्वेचं सरकार जीडीपीच्या ४० टक्क्यांच्या आसपास कर गोळा करतं, नायजेरियाचं दहा टक्क्यांहूनही कमी. उत्पन्न इतकं तोकडं असेल तर मध्यम कर्जाचं व्याजही तिजोरी रिकामी करतं. शिवाय जे येतं ते केंद्र, ३६ राज्यं आणि ७७४ स्थानिक शासनं यांच्यात वाटलं जातं. नायजेरियानेही तेलाचा जादा पैसा बाजूला ठेवायला २००४ मध्ये खातं उघडलं होतं, २०११ मध्ये सार्वभौम निधीचा कायदा केला. पण राज्यांचं म्हणणं पडलं, घटनेनुसार पैसा आमचा आहे, साठवता कशाला? लागोसपासून बोर्नोपर्यंत प्रत्येक गव्हर्नरला चार वर्षांनी मतं मागायची असतात. त्यांच्या जागी बसून बघितलं तर हे म्हणणं अगदीच वेडगळ वाटत नाही. म्हणून कर्जाच्या शेजारी दोन रकाने हवेतच: कराचं जीडीपीशी प्रमाण आणि महसुलातला किती भाग व्याजात जातो.

आरोग्याचे आकडे त्या मानाने प्रामाणिक. नायजेरियात हजारातली शंभरच्या वर मुलं पाच वर्षं पूर्ण होण्याआधी दगावतात, नॉर्वेत दोन-तीन. एवढंच लिहिलं तर चित्र थांबलेलं दिसतं, म्हणून १९९० चा आकडाही द्या. तेव्हा नायजेरियात ही संख्या दोनशेच्या घरात होती.

विषमतेचा गिनी निर्देशांक शेजारी मांडताना जपून. नायजेरियाचं सर्वेक्षण कुटुंबाचा खर्च मोजतं, नॉर्वेचं उत्पन्न. खर्चातली दरी सहसा उत्पन्नातल्या दरीपेक्षा कमी दिसते. वजाबाकी करू नका, एवढंच.

स्थैर्याला सगळ्यांत जास्त वेळ द्या. जागतिक बँकेचा ‘राजकीय स्थैर्य’ निर्देशांक सोयीचा आहे, पण तो जाणकारांच्या मूल्यमापनांतून बनतो आणि त्यात हिंसाचारही मिसळलेला असतो. मी स्थैर्याचे तीन तुकडे करते: सत्ता कशी बदलते, पैशाची किंमत किती टिकते, माणूस घराबाहेर पडून सुखरूप परततो का.

पहिल्या तुकड्यात नायजेरियाचा प्रवास अंदाजापेक्षा चांगला निघतो. १९६६ मध्ये दोन लष्करी उठाव, मग बियाफ्राचं यादवी युद्ध, पुढे १९७५, १९८३, १९८५, १९९३ मध्ये पुन्हा बंदुकीने सत्ताबदल. १९९९ पासून मात्र मुलकी सरकारांची साखळी तुटलेली नाही, आणि २०१५ मध्ये सत्तेवर असलेल्या गुडलक जोनाथन यांनी हरल्यावर मुहम्मदू बुहारींना स्वतः फोन करून पराभव मान्य केला. तोच काळ तिसऱ्या तुकड्यात भीषण आहे: २००९ पासून बोर्नोत बोको हरामचं बंड, २०१४ मध्ये चिबोकच्या शाळेतून २७६ मुलींचं अपहरण, वायव्येत झाम्फाराकडे खंडणीसाठी माणसं पळवणाऱ्या टोळ्या. एकाच गुणात हे दोन्ही मिसळलं की सुधारणाही दिसत नाही आणि भीतीही कुठली ते कळत नाही. राज्यवार आकडे मिळाले तर घ्याच. लागोसमधला व्यापारी आणि बोर्नोतला शेतकरी एकाच सरासरीत बसत नाहीत.

नॉर्वेत उलट. जानेवारी २०२५ मध्ये सेंटर पार्टी सरकारमधून बाहेर पडली, मथळे आले, आणि पंतप्रधान स्टोअर अल्पमतातल्या सरकारसह कारभार करत राहिले. तिथे घटनेनुसार संसद मुदतीआधी विसर्जितच करता येत नाही, त्यामुळे आघाडी फुटणं ही बातमी असते, संकट नसतं. सरकारं किती पडली हे मोजून स्थैर्य ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पैशाच्या तुकड्यात पुन्हा तोच जुना प्रश्न उभा राहतो. नायजेरियाची महागाई डिसेंबर २०२४ मध्ये ३४.८ टक्के, जानेवारी २०२५ मध्ये २४.५. महिन्याभरात महागाईचा दर दहा अंकांनी उतरला? नाही, निर्देशांकाचं आधारवर्ष आणि टोपली, म्हणजे ज्या वस्तूंच्या किमती मोजतात त्यांची यादी, बदलली. हे दोन आकडे एका रेषेने जोडलेला आलेख माझ्याकडे आला की मी मधोमध रेष तोडते आणि खाली टीप घालते.

तक्त्याच्या प्रत्येक आकड्याला वर्ष, मोजणारी संस्था आणि ‘कसं मोजलं’ असे तीन छोटे रकाने जोडा. पान भरून जातं, मांडणी करणारे कुरकुरतात, चालेल. आणि शेवटी ‘एकूण गुण’ नावाचा रकाना कुणी घातलाच, तर आरोग्याला किती वजन दिलं आणि चलनाला किती, ते का, हे त्याला विचारा. मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही, म्हणून तो रकाना मी कापते.