घरचा मेल सर्व्हर राउटरच्या भरवशावर सोडू नका
राउटरमध्ये फायरवॉल आहे म्हणजे मागचा मेल सर्व्हर सुरक्षित, हा समज अर्धाच खरा. बाहेरून मेल यायची तर पोर्ट २५ (सर्व्हरकडे मेल येण्याचा दरवाजा) उघडावाच लागतो, आणि तिथून आत आलेला काय करतो हे राउटर बघत बसत नाही. सर्व्हर राउटरच्या डीएमझेडमध्ये (म्हणजे सगळेच पोर्ट त्याच्याकडे उघडे) मुळीच टाकू नका. लागतील तेवढेच पोर्ट फॉरवर्ड करा. यूपीएनपी (यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद.

खरी मेख वेगळीच. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरच्या 'मायनेटवर्क्स' या भरवशाच्या पत्त्यांच्या यादीत १९२.१६८.१.०/२४ (घरच्या नेटवर्कचे पत्ते) लिहिलं की घरातली यंत्रं पासवर्डशिवाय मेल पाठवू शकतात. सोयीचंच! पण काही राउटर पोर्ट फॉरवर्ड करताना बाहेरच्याचा पत्ता काढून स्वतःचा लावतात. मग सर्व्हरला अख्खं जग घरचंच वाटतं आणि स्पॅमवाल्यांना फुकटात ओपन रिले (कुणाचीही मेल पुढे पाठवणारा सर्व्हर) मिळतो. बाहेरून आलेल्या मेलसमोर लॉगमध्ये राउटरचाच पत्ता दिसला, तर हेच चाललंय. (फेलटूबॅन, म्हणजे वारंवार चुकीचं लॉगिन करणारे पत्ते अडवणारं साधन, असेल तर ते अशा वेळी राउटरलाच बॅन करून मोकळं होतं.) राउटरची ती सेटिंग बदला, यादीत फक्त १२७.०.०.०/८ (म्हणजे सर्व्हर स्वतः) ठेवा आणि त्याच्यामार्फत मेल पाठवणाऱ्या बाकी सगळ्यांना पोर्ट ५८७ वर टीएलएससह (कूटबद्ध जोडणीवर) लॉगिन सक्तीचं करा.

सर्व्हर ओपन रिले झालाय का, याची चाचणी बाहेरच्या नेटवर्कवरूनच घ्या. मोबाइल डेटावर पोर्ट २५ बरेचदा अडवलेला असतो, त्यामुळे तिथून जोडणी झाली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.