‘पुस्तकात असं नव्हतं’ म्हणण्याआधी

पुस्तकावरचा सिनेमा बघून बाहेर पडलं की पार्किंगपर्यंत एकच यादी चालते: हे गाळलं, ते बदललं, शेवट फिरवला. यादी बहुधा बरोबर असते, पण तिच्यावरून सिनेमा जमला की फसला हे ठरत नाही. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा या धंद्यातला जुना हिशोब. म्हणजे अडीच तासांना दीडशे पानं, तीही ऐसपैस मांडलेली. चारशे पानांची कादंबरी त्यात मावत नाही, काहीतरी जाणारच. गेलेला प्रसंग कादंबरीत कुठलं काम करत होता आणि ते काम आता कोण करतंय, एवढं शोधायचं. (पुढे ‘ड्यून’ आणि ‘पुअर थिंग्ज’चे शेवट उघड केले आहेत.)

आधी वाचायचं की नंतर? गोष्ट ‘पुढे काय’वर चालत असेल, उदाहरणार्थ नव्या पोपच्या निवडीवरचा ‘कॉन्क्लेव्ह’, तर सिनेमा आधी. धक्का दोन तासांत मिळतो आणि नंतर वाचताना लेखकाने तो कुठे कुठे दडवलाय हे बघायला मजा येते. गोष्ट माणसाच्या डोक्यात घडत असेल तर पुस्तक आधी, पण वाचून झाल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. आदल्या रात्री संपवलेलं पुस्तक थिएटरात फार त्रास देतं. प्रत्येक संवादावर टिकमार्क करत बसता आणि समोरचं दिसत नाही. पुस्तकाचे दोन भाग केले असतील तर कुठे थांबायचं ते आधी बघून ठेवा. ‘ड्यून’ या विज्ञानकादंबरीवरच्या सिनेमाचा 2021 चा भाग नायक पॉलच्या जामिसशी झालेल्या द्वंद्वानंतर संपतो, तिथेच खूण घाला.

तीन जागांची चिठ्ठी. जाण्याआधी कागदावर तीनच जागा लिहा: जिथे सगळं मनातल्या मनात घडतं ती, जिथे बराच काळ उलटतो ती आणि शेवटचं पान. माध्यमांतर फसतं ते बहुतेक वेळा यांतल्याच एखाद्या ठिकाणी.

मनातलं बोलणं ही सगळ्यात अवघड जागा. ‘ड्यून’ कादंबरीत (1965) पात्रांचे विचार तिरप्या टायपात छापलेले आहेत आणि पानोपानी आहेत. 1984 च्या सिनेमाने ते कुजबुजत्या आवाजात ऐकवले. समोरचा माणूस काही बोलतोय आणि मध्येच कानात विचार, त्यामुळे प्रसंग अडखळतात. 2021 मध्ये पॉल आणि त्याची आई जेसिका बोटांच्या खुणांनी बोलतात. इतरांपासून लपवलेलं काहीतरी चाललंय एवढं त्यातून कळतं आणि पुरतं. ‘ओपनहायमर’ (2023) ज्या चरित्रावरून आला ते सातशेहून जास्त पानांचं. दिग्दर्शक नोलनने त्यातले ओपनहायमरच्या नजरेचे प्रसंग पटकथेत चक्क ‘मी’ असे प्रथमपुरुषी लिहिले. ते रंगीत आहेत, त्याचा विरोधक स्ट्रॉस याच्या बाजूचे कृष्णधवल. हे ठाऊक असलं की कुठल्या क्षणी कोणावर विश्वास ठेवायचा ते बघता येतं. निवेदनाचा आवाज असेल तर एक सोपी परीक्षा आहे. तो मनातल्या मनात बंद करा. काहीच अडलं नाही तर तो पटकथाकाराचा आळस.

काळाची जागा ‘ड्यून’च्या दुसऱ्या भागात (2024) नीट दिसते. कादंबरीत मधे दोनेक वर्षं जातात. तेवढ्यात पॉलची बहीण आलिया जन्मते, मोठ्यांसारखी बोलायला लागते आणि खलनायक बॅरनला तीच मारते. सिनेमाने सगळं काही महिन्यांत बसवलं. त्यामुळे आलिया आईच्या पोटातच राहते आणि बॅरन पॉलच्या हातून मरतो. एका कालावधीच्या निर्णयाने किती पत्ते हलले बघा! लहान मुलीने केलेला खून पडद्यावर हास्यास्पद होण्याचा धोका होता, तो टळला. पण त्या पोरीमुळे कादंबरीत जी शिरशिरी येते तीही गेली, आणि पोटातल्या गर्भाच्या बोलण्याने ती अर्धीच भरून येते.

शेवट तपासताना फक्त ‘बदलला का’ असं विचारू नका, बदलाने मत कोणाचं झालं ते विचारा. ‘ड्यून’ कादंबरीच्या शेवटी पॉलची प्रेयसी चानी त्याच्याजवळच असते. सिनेमात ती संतापून वाळूकिडा (वाळवंटातला महाकाय किडा, ज्यावर स्वार होतात) गाठायला निघून जाते. पॉलबद्दलची जी भीती पुस्तकात त्याच्याच विचारांमधून येत होती, ती आता तिच्या चेहऱ्यावर आहे. हा बदल मूळ लेखकाच्या हेतूला धरून आहे असं आमचं मत. ‘पुअर थिंग्ज’चं (2023) उलटं. 1992 च्या कादंबरीच्या शेवटी नायिकेचं एक पत्र आहे आणि ते नवऱ्याने सांगितलेली सगळी कहाणी खोटी ठरवतं. सिनेमाने पत्र टाकून दिलं, ग्लासगोचं लंडन केलं. सिनेमा देखणा आहे, पण पुस्तकाने वाचकाच्या पायाखालची जी चटई ओढली होती ती इथे जागची हलत नाही.

कॉमिक्सची तऱ्हा वेगळी. इथे बहुतेकदा एक पुस्तक नसतंच. अनेक वर्षांच्या अंकांतून वेचलेलं असतं. स्पायडर-मॅन होणारा पोरगा माइल्स मोरालेस 2011 मध्ये छापील पानावर आला, ‘स्पायडर-व्हर्स’चा पहिला सिनेमा 2018 चा. कथानक जुळवण्यापेक्षा पान जुळवा. यूट्यूबवर त्याचा ट्रेलर थांबवून कीबोर्डवरची पूर्णविरामाची कळ दाबा. एकेक फ्रेम पुढे सरकेल, स्वल्पविरामाने मागे. सेकंदाला 24 फ्रेम असतात, पण सुरुवातीचा माइल्स बऱ्याच ठिकाणी दर दुसऱ्या फ्रेमलाच हलतो, म्हणजे सेकंदाला 12 वेळा. अनुभवी स्पायडर-मॅन पीटर त्याच प्रसंगात 24 वेळा हलतो. पोरगा अजून कच्चा आहे हे असं दाखवलंय. आता मागच्या इमारती बघा. लेन्सच्या धूसरपणाऐवजी रंग कडेने सरकलेले दिसतील, स्वस्त छपाईत ठसा चुकल्यासारखे, आणि सावल्यांमध्ये छपाईचे ठिपके. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर हे निसटतं. लॅपटॉप घ्या, गुणवत्ता 1080 ठेवा.

श्रेयनामावली सोडू नका. ‘आधारित’ आणि ‘प्रेरित’ यांत फरक आहे, आणि मूळ पुस्तकं कधी एकाहून जास्त असतात. ‘सिंहासन’ (1979) अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिला. एकच वाचून गेलात तर अर्धा सिनेमा ‘घुसडलेला’ वाटेल.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत चिठ्ठीतल्या तीन जागा तेवढ्या पुन्हा वाचा, दहा-पंधरा पानं होतील. मग तक्रारींचे दोन ढीग करा: गाळलं पण काम झालं, आणि गाळलं नि काम राहिलं. खरी तक्रार दुसऱ्या ढिगात. ‘ड्यून’मधल्या मेजवानीचा लांबलचक प्रसंग पहिल्यात टाकता येईल, कारण त्या शहरातली पाण्याची किंमत सिनेमाने खजुराच्या झाडांवरून दाखवली आहे. पॉलच्या घराण्याचा सल्लागार थुफिर हवात मात्र दुसऱ्यात: पहिल्या भागात एवढा ठसठशीत उभा केलेला म्हातारा, आणि दुसऱ्या भागात त्याचं काय झालं याचा एका वाक्यानेही पत्ता नाही.