शाळांचे नियंत्रण कोणाकडे असावे: या विषयावर वादविवाद कसा करावा

नागपुरातील एखाद्या वादविवाद स्पर्धेत हा विषय आला, की बहुतेक वक्ते थेट दिल्लीवर तुटून पडतात आणि मधल्या मंत्रालयाला, म्हणजे राज्य सरकारला, विसरतात. तयारीची सुरुवात तेथूनच करावी. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकभरती राज्याच्या पवित्र पोर्टलमार्फत होते, पाठ्यपुस्तके बालभारती ही राज्याची संस्था तयार करते, शालेय शिक्षणासाठीच्या समग्र शिक्षा योजनेचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात, तर शाळा व्यवस्थापन समितीत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. हे चित्र समोर ठेवून, कोणता अधिकार कोणाकडून काढून कोणाला द्यायचा, हे एका वाक्यात लिहावे. ते जमत नसेल, तर भाषण अजून तयार झालेले नाही.

स्थानिक नियंत्रणाची बाजू मांडणाऱ्याला उन्हाचे उदाहरण हमखास सुचते, कारण विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. मात्र ही सवलत राज्य शासनच देते, असे प्रतिपक्षाने म्हटले की हे उदाहरण उलटते. म्हणून हा निर्णय जिल्हा परिषदेकडे असता तर काय अधिक चांगले झाले असते, ते सांगावेच लागते. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींकडे सोपवता येणाऱ्या विषयांच्या यादीत, प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा समावेश केला, हा भक्कम आधार आहे. पण प्रत्यक्ष अधिकार किती सोपवायचे ते राज्याच्या कायद्यावर सोडले आहे, हेही आपणच आधी सांगितलेले बरे.

केंद्राची बाजू घेणाऱ्याने, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत (केंद्र व राज्य दोघेही कायदे करू शकतात अशा विषयांच्या यादीत) आले, एवढ्यावर थांबू नये. खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा राखण्याची तरतूद देशभर लागू झाली ती संसदेच्या कायद्यामुळे, हा मुद्दा अधिक वजनदार आहे.

पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून झालेल्या वादाचा उल्लेख जपून करावा. त्याबाबतचे २०२५ मधील शासननिर्णय राज्याने काढले आणि २९ जूनला राज्यानेच मागे घेतले. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोणतीही भाषा लादली जाणार नाही असे नमूद आहे, त्यामुळे केवळ केंद्राला दोष देणारा वक्ता सहज पेचात सापडतो.

खंडनाच्या वेळी स्थानिक बाजूच्या वक्त्याला एकच प्रश्न विचारावा: शिक्षकांचे वेतन कोणाच्या तिजोरीतून जाईल? स्थानिक बाजूने त्याचे उत्तर आधीच तयार ठेवावे.